दुरुस्तीसह वापरा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून तब्येत माझ्या हातात. आजवर कोणाच्या हातात होती ते माहीत नाही.

कारण लिहून ठेवतो. शुक्रवारी आमच्या स्टोअरकीपरला खुर्चीसकट उचलून हॉस्पिटलात नेलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सकाळी माझ्याकडून पेन मागून नेलं, दुपारी छातीत कळ. थोडक्यात वाचला. पेन अजून त्याच्या खिशातच आहे, आता मागायचं कसं? हॉस्पिटल कंपनीच्या गेटसमोर, आणि हा पठ्ठ्या बारा वर्षांत एकदाही तपासायला गेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तीन दिवस मला एका जागी बसवत नाही. फ्रिज उघडतो, बंद करतो. छातीवर हात ठेवून बघतो. आत काहीतरी चालू असतं.

निर्धार: आरोग्याची माहिती इंटरनेटवरून घ्यायची, पण डोळसपणे. मेहुण्यासारखी नाही. हिचा धाकटा भाऊ. मी त्याला मनात फॉरवर्डराव म्हणतो. मागच्या महिन्यात तो मोज्यात कांद्याची चकती घालून झोपला होता. सर्दी गेली म्हणतो. जाणारच, सर्दीलाही नाक असतं.

सकाळी ७.०५. एक उत्तम पान सापडलं. ऑनलाइन माहिती कशी वाचावी याचे दहा नियम. माहिती कोणी लिहिली ते बघा, कधी लिहिली ते बघा, पानावर काही विकायला ठेवलंय का बघा, एकाच जागी वाचून थांबू नका, वगैरे. प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नऊ नियम माझ्या स्वभावातच आहेत. दहावा, मिळालेली माहिती आपल्या डॉक्टरांना दाखवा. तो शेवटी. माल तयार झाल्याशिवाय कोणी दुकानात जात नाही.

४ मार्च, मंगळवार

बीपीचं मशीन मागवलं. चार साइट्स ताडून, सत्तावीस अभिप्राय वाचून. ऑफिसच्या वेळेत वाचले, पण कामासारखंच वाचले.

ही विचारत होती, कशाला हवंय मशीन. म्हटलं, या वयात दाब माहीत पाहिजे. ती म्हणाली, तुम्ही कारखान्यात दिवसभर दाबच मोजता ना. तिला फरक समजावून सांगितला. दहा मिनिटं लागली. तिने मधे एकदा कपाळ चोळलं. विषय कठीण आहे.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ६.१५

मशीन आलं. सूचना: पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलू नका. बसलो. दुसऱ्या मिनिटाला गॅस चालू राहिला असं वाटलं. बंद होता. परत बसलो. तिसऱ्या मिनिटाला पाच मिनिटं झाली का ते बघायला मोबाइल शोधला. चौथ्याला पट्टा बांधला.

१२६/८२. लगेच परत १२२/८०. परत १२८/८४.

एकाच दंडाची तीन उत्तरं. मी काही आजचा नाही. सव्वीस वर्षं कारखान्यातल्या बॉयलर-कॉम्प्रेसरचे प्रेशर गेज तपासतोय. दाब दाखवणाऱ्या काट्यावर तोंड बघून विश्वास ठेवायचा नसतो, आधी मास्टर गेजशी ताडायचं. मास्टर म्हणजे ज्याचं बरोबर असतं तो. नवा गेज मास्टरपेक्षा जास्त दाखवत असेल तर जेवढं जास्त तेवढं वजा करायचं आणि गेजवर पिवळा स्टिकर लावायचा, दुरुस्तीसह वापरा.

घरात मास्टर कोण, हा प्रश्न. उत्तर ओट्यापाशी काकडी चिरत उभं होतं.

चोवीस वर्षांच्या संसारात ही एक दिवस अंथरुणाला खिळलेली मला आठवत नाही. सर्दी माझी, ताप माझा, कंबर माझी. हिचं काही नाही. म्हणजे हिचा दाब एकशेवीस-ऐंशीच. याहून स्थिर वस्तू या घरात नाही, फ्रिजही नाही.

बसवलं. १६२/१०४.

मशीन बेचाळीसने जास्त दाखवतंय. खालचा आकडा चोवीसने. स्वस्तातलं नव्हतं, तरी. ऑफिसातून आणलेला पिवळा स्टिकर लावला: दुरुस्तीसह वापरा. वजा ४२, वजा २४. हिने विचारलं, किती आलं. म्हटलं, तुझं काय, एकशेवीस-ऐंशी. ती म्हणाली, सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणून विचारलं. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

आता माझी सरासरी १२५/८२. दुरुस्ती करून ८३/५८.

त्र्याऐंशी!

सकाळी ७.३०. पाय गार वाटतायत.

६ मार्च, संध्याकाळी

सगळा उलगडा झाला. तीन विश्वासार्ह साइट्सवर लो बीपीची लक्षणं वाचली. थकवा, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं. माझी आख्खी नोकरी डोळ्यांपुढून गेली. सहा वर्षांपूर्वी प्रमोशन त्या दुसऱ्याला मिळालं. मला वाटायचं राजकारण. रक्तदाब होता.

७ मार्च, शुक्रवार

उपचार. तिन्ही साइट्सचं एकमत: पाणी भरपूर, उठताना सावकाश, घट्ट लांब मोजे, आणि मीठ वाढवा. मिठापुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने असं लिहिलंय. ते सगळीकडेच लिहिलेलं असतं, वकिलांसाठी.

हिला सांगितलं, जेवणात मीठ दुप्पट. ती म्हणाली, माझ्या जिभेला चालायचं नाही. म्हटलं, मग माझं वेगळं कर. तर म्हणाली, दोन-दोन पातेली कोण घासणार, मीही खाईन तेच. समजूतदार आहे. अशी बायको असल्यावर माणसाने बरं व्हायलाच पाहिजे.

शिवाय कॉफी. ती दाब वाढवते. दिवसाला दोन होत्या, आता पाच.

९ मार्च, रविवार

मेहुणा जेवायला. पहिल्याच घासाला पाण्याचा ग्लास संपवला. म्हणाला, ताई, मीठ सांडलं का गं. मी त्याला लो बीपी समजावून सांगितलं. त्याने मोबाइल काढून मला तिथल्या तिथे काहीतरी फॉरवर्ड केलं, डाव्या कुशीवर झोपल्याने रक्त सुरळीत होतं म्हणे. कोणी लिहिलंय, विचारलं. म्हणाला, कॉलेजच्या ग्रुपवर आलंय. कधीचं आहे, विचारलं. म्हणाला, आजचंच, आत्ता आलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मशीनवर त्यालाही मोजायचं होतं. नकार दिला. अचूक उपकरण आहे, जत्रेतला वजनकाटा नाही.

जाताना तो हिला म्हणाला, ताई, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय तुझा. हा माणूस कोणालाही काहीही म्हणतो.

१० मार्च, सोमवार

मोजे आले. गुडघ्यापर्यंत घट्ट. चढवायला अकरा मिनिटं, आणि त्यात इतका दम लागला की मोज्यांची गरजच सिद्ध झाली.

दिवसातून नऊ वेळा मोजलं. साइट म्हणते दोनदा पुरे. साइटला माझी जबाबदारी माहीत नाही.

१२ मार्च, बुधवार. ऑफिस

उठण्याची पद्धत बसवली आहे. एक, पुढे सरकायचं. दोन, टेबल धरून पंधरा मोजायचं. तीन, उठायचं. आज मॅनेजर खोलीत आले तेव्हा मी दोनवर होतो. ते माझ्या टेबलापाशी येऊन, काम सांगून, दारापर्यंत परत गेले तेव्हा मी उभा राहिलो. ते म्हणाले, बसा, बसा. परत बसलो. ते काय सांगून गेले ते पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना विचारावं लागलं.

या बाई आमच्या खोलीत माझ्यानंतरच्या सर्वांत जुन्या. कामाला चोख, पण नियमांचं जरा जास्तच. म्हणाल्या, मास्टर गेजच्या सर्टिफिकेटची मुदत एकतीसला संपतेय, बाहेरच्या लॅबला तपासायला पाठवायला हवा. म्हटलं, तो मास्टर आहे. मखमलीच्या पेटीत असतो, कोणी हात लावत नाही, कधी कुरकुर नाही. त्याला काय होणार? बाई म्हणाल्या, कुरकुर करत नाही म्हणूनच वर्षातून एकदा तपासायचा असतो. मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. सध्या घरचं मोठं प्रकरण चालू आहे.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.२०

आठवड्याची मास्टर तपासणी. हिचं १७०/१०६.

म्हणजे मशीन आणखी आठ अंकांनी सरकलं. आमच्याकडे याला ड्रिफ्ट म्हणतात. आठवडाभरात एवढा ड्रिफ्ट मी जुनाट गेजमध्येही पाहिला नाही. स्टिकरवरचे आकडे खोडून नवे लिहिले: वजा ५०, वजा २६.

माझं १३२/८६. दुरुस्ती करून ८२/६०.

आठवडाभर मीठ, पाच कॉफ्या, मोजे. आणि वरचा आकडा एकाने कमी! प्रकृतीत खोल काहीतरी आहे. मीठ तिप्पट. खारे शेंगदाणे ड्रॉवरमध्ये. पाकिटातलं सूप संध्याकाळी, दोघांना.

एक गोष्ट मात्र चांगली. आज ही टेबल धरून सावकाश उठली, क्षणभर डोळे मिटून उभी राहिली आणि मग चालू लागली. मी न शिकवता पद्धत उचलली. संगतीचा परिणाम.

१५ मार्च, शनिवार

झोप नाही. छाती धडधडते. पाच कॉफ्यांनी असं होतं असं एका साइटवर आहे, पण ते निरोगी लोकांसाठी.

मुलीचा फोन आला होता, शिकायला बाहेर असते. मी तिला माझे नऊ दिवसांचे आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, बाबा, आई कशी आहे? म्हटलं, आईला काय धाड भरलीये. फोन हिच्याकडे दिला. ही म्हणाली, मी बरी आहे गं, बाबांकडे बघतेय.

१७ मार्च, सोमवार

बाजारातून येताना जिन्यात ही दुसऱ्या मजल्यावर थांबली. पिशवी जड होती म्हणाली. पिशवीत पाव आणि अंडी होती. तेवढ्या वेळात मी माझी नाडी मोजून घेतली, ९६. तिने थांबून मला वेळ दिला, नाहीतर हे वाचन राहिलंच असतं.

तिची मोजली नाही. मास्टरवर उगाच हात टाकायचा नसतो, झिजतो.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०

आज ऑनलाइन माहितीचा खरा उपयोग झाला. सविस्तर लिहितो.

ही बेसिनपाशी होती. तिने हाक मारली. नाकातून रक्त. बरंच. दुसरा कोणी असता तर गडबडला असता किंवा फॉरवर्डरावासारखा कांदा शोधत बसला असता. मी दोन मिनिटांत विश्वासार्ह साइट उघडली, लेखकाचं नाव पाहिलं, तारीख पाहिली. डोकं मागे टाकू नका, पुढे वाका, नाकपुड्या दहा मिनिटं दाबून धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं दाबल्या. थांबलं.

खाली कारणांचा मोठा परिच्छेद होता. रक्त थांबलं होतं, त्यामुळे वाचला नाही.

ही म्हणाली, हवा कोरडी आहे म्हणून असेल. म्हटलं, तेच. तिचा हात गार होता. माझाही असतो.

२१ मार्च, शुक्रवार

मास्टर तपासणी. १७६/११०.

मशीन कामातून गेलं. कंपनीला कडक मेल लिहिला, ग्राफसकट. दुपारपर्यंत उत्तर: कृपया आपले मशीन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहावे. मी उलट लिहिलं की माझ्याकडे त्याहून चांगलं प्रमाण आहे, चोवीस वर्षं बिनतक्रार चालू. त्यावर उत्तर नाही. काय देणार?

नवी दुरुस्ती: वजा ५६, वजा ३०. स्टिकरवर आता खोडाखोड फार झाली आहे.

माझं १३६/८८. दुरुस्ती करून ८०/५८. शपथेवर सांगतो, हा आकडा माणसाचा नाही. तरी मी कामाला जातो. कोणी कौतुक करत नाही.

आजपासून उशाला मिठाचं पाणी.

२३ मार्च, रविवार

एक प्रसंग घडला. अस्वस्थ आहे.

मेहुणा आला होता. मी मोजे चढवत असताना त्याने परस्पर मशीन लावून घेतलं. हिने बटण दाबून दिलं. त्याचं ११८/७६. एकदम खूश, नॉर्मल आलं म्हणाला. स्टिकर बघितला. वजाबाकी केली. परत केली.

बासष्ट/सेहेचाळीस.

इतक्या कमी दाबाचा माणूस शुद्धीवर कसा, हेच कळेना. हा तर काकडी खात होता. आधी लपवावं म्हटलं, पण माहिती लपवणं नियमात बसत नाही. बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. काकडी हातात धरूनच खाली बसला. ही दारातून ऐकत होती, तीही बसली. एकुलता एक भाऊ. मी त्याला माझे जादाचे मोजे दिले आणि मिठाचं पाणी पाजलं. न जेवता गेला. उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडे जातो म्हणाला.

संध्याकाळी ही देवापुढे दिवा लावत होती. मला म्हणाली, त्याला काही झालं तर. म्हटलं, वेळेवर कळलं, मशीनचे उपकार मान. फॉरवर्डराव मला इतका लाडका आहे, हे आजच कळलं.

२४ मार्च, सोमवार. ऑफिस, सकाळी ११.२०

मेहुण्याचा फोन. डॉक्टरबाईंनी तपासलं. ११८/७६.

मी म्हटलं, परत सांग. परत तेच. बाईंनी दोनदा मोजलं, एकदा हाताने, एकदा मशीनने. काही झालेलं नाही, मिठाचं पाणी पिऊ नका म्हणाल्या. हसत होता. भावोजी, तुमचं मशीन एकदम परफेक्ट आहे हो, म्हणाला.

मी सांगितलं की डॉक्टरबाईंचं मशीनही छप्पन्नने जास्त दाखवत असणार. त्याने फोन ठेवला.

११.३५. दोन वेगळी मशीन. वेगळ्या कंपन्यांची. दोघांची चूक नेमकी छप्पन्न. असं कसं होईल?

११.४०. शेंगदाणे खाल्ले. बसवत नाही. खोलीत दोन फेऱ्या. पलीकडच्या बाई म्हणाल्या, काय शोधताय? म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, बाई, दोन गेज एकमेकांशी जुळतात आणि मास्टरशी जुळत नाहीत, तर काय समजायचं?

बाईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर नियमांचा तक्ता आहे. मीच लिहिलाय, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, माझ्याच अक्षरात. नियम सात: अशा वेळी गेजला दोष देऊ नये. आधी मास्टर तपासावा.

११.४४. १६२. १७०. १७६.

११.४५. हाफ डे. मोजे

२४ मार्च, रात्री ९.३०

सकाळचं वाक्य अर्धंच राहिलं. मोजे काढून टाकले असं लिहायचं होतं. त्यांच्यात धावता येत नाही.

घरी पोचलो तर ही भरदुपारी पलंगावर. पडदा ओढलेला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, जरा पडले होते, आत्ता उठतेच. म्हटलं, उठू नकोस. एवढं तरी बरोबर बोललो.

पट्टा बांधला. बांधायला तीनदा लागलं. १८८/११४. पेन घेतलं आणि वजाबाकी करायला लागलो. खरं लिहितो, लागलो होतो. सवय. मग पेन खाली ठेवलं.

विचारलं, डोकं दुखतंय का.

ती म्हणाली, "महिना झाला. सांगितलं होतं मी."

रोजनिशी काढून बघितली. सहा तारखेला लिहिलंय. चष्म्याचा नंबर असंही लिहिलंय. अक्षर माझंच.

जिन्याने उतरताना तिला धरून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर थांबलो. सतरा तारखेला ती दुसऱ्या मजल्यावर थांबली होती आणि मी माझी नाडी मोजत होतो.

डॉक्टरबाईंकडे १८६/११२. मशीन बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. बाईंनी हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, लगेच गोळी दिली. हृदय ठीक आहे. हे ऐकल्यावर मी खुर्चीत बसलो, एक-दोन-तीन न करता. बाई म्हणाल्या, आणखी काही आठवडे असंच चाललं असतं तर आज आपण इथे नाही, मोठ्या हॉस्पिटलात बोलत असतो.

नाकातून रक्त आलं होतं का, विचारलं. ही म्हणाली, हो. बाईंनी विचारलं, मग तेव्हा काय केलंत. मी म्हटलं, नाकपुड्या दाबल्या. बाई म्हणाल्या, ते बरोबर केलंत, पुढे? पुढे काही नव्हतं.

मग विचारलं, जेवणात मीठ किती. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. सगळं सांगितलं. पातेली, सूप, शेंगदाणे, वजा छप्पन्न. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आधी कधी बीपी तपासलं होतं, असं त्यांनी हिला विचारलं. ही विचार करून म्हणाली, मुलीच्या वेळी. मुलगी एकवीस वर्षांची आहे. म्हणजे सर्टिफिकेटची मुदत वीस वर्षांपूर्वी संपलेली, आणि मी त्यावर सगळं घर ताडून बघत होतो.

हिच्या आग्रहामुळे मलाही मोजलं. १३८/८८. मूळचा तुमचा दाब अगदी छान होता, तो तुम्ही मेहनतीने वाढवलाय, असं बाई म्हणाल्या. मीठ-कॉफी बंद, दोन आठवड्यांनी दाखवा.

मी त्यांना कपाटावरचे दहा नियम सांगितले. नऊ पाळले म्हटलं. त्यांनी दहावा विचारला. मी सांगितला. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

रात्रीचं जेवण मी केलं. अळणी भात आणि उकडलेली अंडी. ही पहिला घास खाऊन थांबली. मला वाटलं चव नाही. तर म्हणाली, "तीनदा तुम्ही मला मोजलंत. एकदाही विचारलं नाहीत."

फार रडू आलं. अंड्याकडे बघत बसलो.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी मास्टर गेज पेटीत घालून बाहेरच्या लॅबला पाठवला. पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आज अगदी तातडीने? म्हटलं, हो.

स्टोअरकीपरला भेटून आलो. पेन त्याने स्वतःहून परत दिलं. मी म्हटलं, ठेव रे. मग त्याच्या बायकोला विचारलं, वहिनी, तुम्ही स्वतःला कधी तपासलंत? ती म्हणाली, छे, यांच्यातून वेळ कुठे होतो. तिला डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला. त्याच पेनने.

२८ मार्च, शुक्रवार

मुलगी येऊन दोन दिवस राहून गेली. माझ्याशी बोलली, पण मोजून.

मशीन आता माझ्याकडे नाही. ही स्वतः मोजते. पाच मिनिटं शांत बसते, पाठ टेकून, पाय जमिनीवर. तिला जमतं. आकडा मला सांगत नाही, भावाला फोन करून सांगते. तो वहीत लिहितो. फॉरवर्डराव वही ठेवतो! गोळीची वेळ झाली की तोच मेसेज टाकतो, वर फुलाचं चित्र असतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं स्पष्ट असतं. हरकत घ्यायला जागा नाही.

नवा निर्धार: रोज सकाळी ६.४० ला हिला विचारायचं, कसं वाटतंय. तक्ता केला आहे. तारीख, वेळ, उत्तर, शेरा.

३० मार्च, रविवार. सकाळी ६.४०

विचारलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय, ते आधी बघा. उत्तराच्या रकान्यात तेच लिहिलं.

दुपारी मेहुणा जेवायला होता. मशीनवरचा पिवळा स्टिकर निघता निघत नव्हता, मी नखाने खरवडत होतो. ही म्हणाली, राहू दे, मी काढते. भावाबहिणीत काहीतरी हसणं चाललं होतं. विचारलं काय झालं, तर तुमचं काही नाही म्हणाली.

हिचं १५२/९४. मेहुण्याने वहीतून वाचून दाखवलं, ऐकताना कान देऊन बसलो होतो. उतरतंय. मी त्यातून काही वजा केलं नाही.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ६.३०

रोजनिशी ड्रॉवरमधून काढली तर मुखपृष्ठावर काहीतरी चिकटवलेलं. पिवळा स्टिकर. अलगद, एक कोपराही न फाटता काढलेला. दुरुस्तीसह वापरा. वजा ५६.

म्हणजे हिने सगळं वाचलं आहे. प्रमोशन, मोजे, मास्टर झिजतो, सगळं.

तक्रार करावी म्हटलं, पण स्टिकरवरचं अक्षर माझंच आहे. ६.४० होत आलेत. विचारायला जातो.